आंबटाचं पथ्य

"साठा संपला का हो?" जुईने विचारलं.

"साठा आहे वहिनी. हा काय, तुमच्या डोळ्यांसमोर," औषधवाले मगदूम कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले. "पण बिलच निघत नाही. चाळणीनं सकाळी ही गोळी काढून टाकली."

जुईच्या मागे तिच्या सासूबाई उभ्या होत्या, शालनताई आवटी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर घेतला. दुकानाच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत ओळ होती: 'लोहकळी. भारतीय गरोदर स्त्रियांमध्ये साध्या लोहाच्या गोळीपेक्षा अधिक उपयोग नाही. शिफारस मागे.'

"असं कसं? माझं रक्त तर वाढत होतं," जुई म्हणाली. तिला सातवा महिना सरत आला होता.

शालनताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. अशी ओळ कुठून येते, कोणत्या रकान्यातून कोणत्या रकान्यात जाते, हे अख्ख्या मिरजेत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तर ती सहज पुसली जाणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

त्यांच्या उमेदीच्या काळात हे काम माणसं करत. एखादं औषध खरोखर लागू पडतं का, हे एका अभ्यासावरून ठरत नाही. कुणी पुण्यात मूठभर रोग्यांवर पाहिलेलं असतं, कुणी ब्राझीलमध्ये हजारोंवर. ते सगळे अभ्यास गोळा करायचे आणि प्रत्येकातून नेमकी माहिती बाहेर काढायची: माणसं किती होती, कुणाला काय दिलं, किती काळ दिलं, मध्येच किती सुटली, शेवटी काय झालं. मग सगळं एकाखाली एक मांडून, चांगल्या अभ्यासाला जास्त वजन आणि कच्च्याला कमी देऊन एकत्र निष्कर्ष काढायचा. शालनताई आणि त्यांची जोडीदारीण हसीना सतारमेकर या कामाला 'उपसा' म्हणत. "आज कशाचा उपसा?" "मधुमेहाचा." "मग संध्याकाळपर्यंत काही मान वर होत नाही."

या कामाचा एक नियम होता. एकच अभ्यास दोघींनी वाचायचा, पण वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकींशी एक शब्द न बोलता. चहालासुद्धा आळीपाळीने जायचं. दोघींचा उपसा पुरा झाला की समोरासमोर बसायचं आणि जिथं जुळत नाही तिथं भांडायचं. काय भांडत त्या! शेजारच्या खोलीतले डॉक्टर येऊन दार लावून घेत. एकटं माणूस वाचतं तेव्हा त्याला जे हवं असतं ते दिसतं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप.

मग यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्याला चाळणी म्हणू लागले. जगात छापलेला प्रत्येक अभ्यास ती वाचायची आणि त्यातून उपसा करायची. जे काम दोघींना वर्षभर पुरायचं ते ती दुपारच्या झोपेएवढ्या वेळात उरकायची. तिला शिकवायला शालनताई आणि हसीना यांच्यासारख्या जोड्यांची सगळी जुनी कामं दिली होती. "आपल्या भांडणांवर वाढलीय ती," हसीना कौतुकाने म्हणायची. शालनताईंना ते तितकंसं पटायचं नाही. भांडणं कुठं दिली होती? भांडून झाल्यावर जे ठरलं तेवढं दिलं होतं.

तरी चाळणीचा त्यांना अभिमान होता. फुकटची औषधं गेली, रोग्यांना छळणारी जुनी खुळं गेली. चाळणीचा निष्कर्ष थेट डॉक्टरांच्या आणि दुकानांच्या पडद्यावर जायचा. मध्ये कुणाचा वशिला नाही, कुणाची भीड नाही.

आणि आता तिने जुईची गोळी काढून घेतली होती.

जुईचं प्रकरण साधं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव झाला, बाळ राहिलं नाही आणि जुईही जेमतेम राहिली. तिचा रक्तगट बॉम्बे, म्हणजे हजारोंत एखाद्याचा. ऐनवेळी बाटली मिळणं नशिबाची गोष्ट. तिच्या रक्तातलं लोह आधीपासूनच वाढवून ठेवणं एवढाच उपाय. इंजेक्शन दिलं तर घसा सुजून श्वास कोंडला. साध्या गोळ्या तिच्या अंगी लागेनात. राहिली होती ती लोहकळी: एका कवचात बंद केलेले लोहाचे बारीक कण. जेवणाबरोबर घ्यायची, की पोटात ती कळी उमलायची.

घरी येताच जुईच्या नवऱ्याने, ओजसने, डॉ. हेर्लेकरांना फोन लावला. बाई वैतागल्या होत्या. "मी हाताने लिहून दिलं तरी कुठलंच दुकान देणार नाही. एकच वाट आहे, आक्षेप. चाळणी हा पहिला वाचक. नोंदणी असलेल्या माणसाने दुसरा वाचक म्हणून तोच अभ्यास वाचून चूक दाखवली, तर तिला फेरविचार करावाच लागतो. ताई, तुमचं नाव आहे ना अजून नोंदणीत?"

"आहे," शालनताई म्हणाल्या. "पण ज्याच्या घरात रोगी आहे त्याला दुसरा वाचक होता येत नाही."

फोन ठेवल्यावर ओजस म्हणाला, "आई, तुझी सून आहे हे त्या यंत्राला कुठून कळणार? जुईने आडनावही बदललेलं नाही."

"त्याला नाही कळलं तरी मला कळतंय ना."

"इथं तत्त्वाचा प्रश्न आहे का गं? इथं जुई आहे."

शालनताई उठून गॅलरीत गेल्या, वाळलेले कपडे काढू लागल्या आणि घडी घातलेलेच पुन्हा मोडून घड्या घालत बसल्या.

मग ज्यावरून चाळणीने शिफारस मागे घेतली होती, तो अभ्यास त्यांनी उघडला. कृष्णाकाठच्या गावांतला होता. एका छोट्या कॉलेजच्या वार्षिकात इंग्रजीत छापलेला, कित्येक वर्षं कपाटात पडून होता. आता चाळणीला जुने, पुसट कागदही वाचता येऊ लागले, तेव्हा तो वर आला. निम्म्या गरोदर बायकांना लोहकळी, निम्म्यांना साधी गोळी; कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी दोन्हीकडचं रक्त सारखंच, म्हणजे दोन्हीकडे फारसं न वाढलेलं. काम नेटकं होतं, खोट काढावी असं काही दिसेना. आणि बैठकांमध्ये टेबलावर हात आपटून 'आपल्या बायकांचे आकडे कुठं आहेत?' असं विचारणाऱ्या शालनताईच होत्या. हे घ्या, आले आपल्या बायकांचे आकडे.

"पण माझं रक्त वाढलं होतं ना आई?" जुई दाराशी उभी राहून विचारायची.

एका बाईचं वाढलं म्हणजे पुरावा होत नाही. हे वाक्य त्यांनी आजवर किती नातेवाइकांना ऐकवलं होतं! कुणाचा काढा, कुणाचा अंगारा, कुणाचं अमेरिकेहून आणलेलं चूर्ण. आता तेच वाक्य सुनेला सांगायची पाळी आली तर जीभ रेटेना. त्या नुसत्या इकडून तिकडे फिरत राहिल्या. फडताळातले डबे काढले, पुसले, परत लावले. पुढच्या तपासणीत जुईचं रक्त उतरलेलं निघालं.

एका सकाळी जुई स्वयंपाकघरात मीठ लावलेला आवळा खात होती आणि बार्शीहून तिच्या आईचा फोन आला. शालनताई डाळ निवडत होत्या. फोन ओट्यावर ठेवलेला, त्यातून विहीणबाईंचा आवाज घरभर.

"काय खातीयेस गं?"

"आवळा. डोहाळेच आहेत मला आंबटाचे."

"म्हणजे गोळी चालू होती तेव्हापण खात होतीस?"

"रोज! लिंबू, आवळा, कैरी, मिळेल ते."

"झालं तर मग! औषध चालू असताना आंबट खातं का कुणी? तरीच गुण आला नाही."

"मम्मी, गुण येत होता. त्यांनीच बंद केली."

"मला शिकवू नकोस. तुझ्या वेळी मला चिंचेच्या नुसत्या नावानं पाणी सुटायचं तोंडाला, पण गोळ्या चालू म्हणून बोट लावलं नाही. औषध म्हटलं की आंबटाचं पथ्य आलंच. विचार तुझ्या सासूबाईंना."

शालनताईंचा डाळीतला हात थांबला. ताट बाजूला सारून त्या उठल्या आणि पडद्यापुढे जाऊन बसल्या. तो शब्द त्यांच्या नजरेखालून गेला होता, आणि तरी गेला नव्हता. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, इंग्रजी वाक्यात, तिरक्या अक्षरांत 'पथ्य'. बहुतेक सर्व स्त्रियांनी पथ्य काटेकोर पाळले. बस्स, एवढंच. चाळणीने ते कुठं टाकलं? 'सूचनांचे पालन' या रकान्यात. शेरा: उत्तम. आणि त्या शेऱ्यामुळे अभ्यासाचं वजन वाढवलेलं.

लोह रक्तात शिरायला आंबटाची मदत लागते. लिंबू, आवळा, संत्रं, पेरू यांतलं क जीवनसत्त्व हे काम करतं. लोहकळीचं कवच तर त्याच्याशिवाय नीट उमलतच नाही. जिथं ती गोळी तयार झाली तिथं जेवणाबरोबर फळ खायची रीतच असणार, म्हणून वेष्टनावर 'जेवणासोबत' एवढंच छापलं होतं. आणि कृष्णाकाठच्या त्या बायका! तोंडाला आंबटाचे डोहाळे, पण डॉक्टरांनी गोळी दिलीय म्हटल्यावर कुणी न सांगता त्यांनी चिंच सोडली, लिंबू सोडलं, ताकसुद्धा सोडलं असेल. बाळासाठी, मनापासून. दोन्ही गटांतल्या बायकांनी. कळी पोटात तशीच मिटून राहिली, आणि ज्या गोष्टीने अभ्यास नासला तिलाच यंत्राने शाबासकी दिली.

शालनताईंना आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. हे खरंच तिथं आहे, की मला हवं होतं म्हणून दिसलं? आंबट असं कुठं लिहिलेलं नव्हतं. नुसता एक शब्द होता. अशा वेळी करायची ती एकच गोष्ट त्यांना ठाऊक होती.

हसीनाचं घर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत. खालच्या दुकानात तिचा भाऊ तारा जुळवत बसलेला असायचा आणि वर बोलणाऱ्याला त्या सुरांच्या वरताण बोलावं लागायचं.

"आलीस व्हय?" हसीना म्हणाली. "मला वाटलं, शालनताईंना आता मिरजेत रस्ता सापडत नाही."

"एक अभ्यास वाचायचाय तुला. दुसरा वाचक म्हणून."

"कुणासाठी?"

"विचारू नकोस."

हसीनाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ती चष्मा शोधायला लागली. तो तिच्या डोक्यावरच होता.

तिने आधी पोहे केले, कारण त्यांच्या जोडीचा उपसा पोह्यांशिवाय कधी सुरू झाला नव्हता. ताटलीच्या कडेला लिंबाची फोड. शालनताईंची नजर त्या फोडीवर खिळली. लिंबाला हात लावला आणि तोंड वेडंवाकडं झालं तर? त्यातून हिला काही सुचलं तर? त्यांनी फोड हळूच बाजूला सारली.

"लिंबू नको? औषध चालू आहे का कसलं?" हसीनाने सहज विचारलं.

"नाही गं!" म्हणत शालनताईंनी फोड उचलली आणि अशी पिळली की बिया ताटलीभर उडाल्या.

"सावकाश. मारामारी करायची नाहीये त्याच्याशी."

हसीना वाचायला बसली. शालनताई खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. खाली एकच तार चढत होती, उतरत होती, काही केल्या सुरात येत नव्हती.

"अभ्यास चांगला आहे की गं," हसीना म्हणाली.

शालनताईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. बोट ठेवून दाखवायचं, एवढंच. परिच्छेदावर नुसतं बोट. त्यांनी दुसराही हात गजावर ठेवला.

हसीनाची जुनी सवय होती: एकदा पुढून वाचायचं आणि एकदा मागून, म्हणजे गोष्टीच्या ओघात वाहून जायला होत नाही. ती मागून वाचत आली आणि थांबली.

"हा शब्द तिरका का छापलाय?" ती स्वतःशीच पुटपुटली. "पथ्य. चाळणीनं कुठं घातलंय? पालनात. अगं बाई, हे पालन न्हवे! कसलं पथ्य ते कुठं लिहिलंय? गोळ्या घेणारी बाई पहिलं काय सोडते? आंबट. लोहाच्या गोळीला आंबट सोडलं तर मग..." ती वळली. "शालन, तू मघाशी लिंबू बाजूला का काढलंस?"

शालनताई खाली बसल्या. आता बोलायला हरकत नव्हती. त्यांनी जुईचं सगळं सांगितलं.

आक्षेप लिहायला वेळ लागला नाही. अर्जाच्या शेवटी मात्र दोन प्रश्न होते. हा अभ्यास तुमच्याकडे कुणी आणला? वाचण्याआधी किंवा वाचताना तुम्हाला काही सूचित झालं का?

"काय लिहू?" हसीनाने विचारलं.

"माझं नाव लिही. सून आहे हे लिही. लिंबाचंही लिही."

"लिंबाचं? वेड लागलंय का तुला? मला त्या लिंबानं काही सुचलेलं नाही."

"कशावरून?"

हसीनाने ताटलीतल्या बियांकडे पाहिलं. तिलाही खात्रीने सांगता येईना.

"हे लिहिलं की हा आक्षेप बाहेरगावच्या कुणा वाचकाकडे जाणार," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यानं शून्यापासून वाचायचं. त्याला तो शब्द दिसेल की नाही कोण जाणे. किती दिवस लागतील तेही कोण जाणे. तुझ्या सुनेकडे दिवस आहेत का?"

"फार नाहीत," शालनताई म्हणाल्या. "तरी लिही."

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा ओजस ताटावरून उठून गेला. जुई बसून राहिली.

"माझं रक्त उतरतंय आणि तुम्ही लिंबू लिहायला लावलंत?"

"खोटं लिहून आणलेली गोळी उद्या दुसरा कुणी खोटं लिहून काढून घेईल गं. आणि तू एकटी नाहीस. लोहकळी घेणाऱ्या कितीतरी बायका..."

"तुमचं बरोबरच असेल आई," जुई म्हणाली. "पण त्या कितीतरी बायका मला आत्ता दिसत नाहीत."

शालनताईंनी ओजसचं ताट झाकून ठेवलं. त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. पडद्यापाशी जायच्या आणि न बघताच परत यायच्या. रस्त्यात कुणी गरोदर बाई दिसली की तिच्या पिशवीकडे त्यांचं लक्ष जायचं. हसीनाचा रोज फोन यायचा, "काही आलं?" ओजस मोजकंच बोलायचा. जुई आवळे खायची, तेवढाच त्यांना आधार.

उत्तर आलं ते धारवाडहून. कुणी अनोळखी वाचक; नाव कधी कळायचं नव्हतं. त्याने बाकीचा अभ्यास नीट आहे असा शेरा दिला होता आणि एका शब्दाभोवती वर्तुळ काढलं होतं. 'हा शब्द आमच्या कन्नडमध्येही हाच आहे,' त्याने लिहिलं होतं. 'याचा अर्थ पालन नव्हे. औषध घेताना काय सोडायचं, ते. माझी आई असती तर तिने आंबट सोडलं असतं.'

शालनताईंनी ते वाचलं आणि पदराने चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

दुपारपर्यंत चाळणीने त्या अभ्यासाचं वजन काढून घेतलं आणि लोहकळी परत यादीत आली. मगदूमांनी स्वतः गोळ्या घरी आणून दिल्या. पण चाळणीचं समाधान झालेलं नव्हतं. तिने दोघी जुन्या वाचकांना एक प्रश्न पाठवला होता, आणि असा प्रश्न तिने याआधी कुणाला विचारल्याचं दोघींच्याही ऐकिवात नव्हतं: 'पथ्याचा गैरसमज टाळण्यासाठी वेष्टनावर कोणती सूचना छापावी?'

हसीना रिक्षा करून आली. जुई समोर बसली होती.

"सोपं आहे," शालनताई म्हणाल्या. "या गोळीला आंबटाचं पथ्य नाही."

"चूक!" हसीनाने मांडीवर थाप मारली. "पथ्य नाही म्हटलंस की बायका त्याला औषधच मानणार नाहीत. म्हणतील, ज्याला पथ्य नाही त्याचा गुण काय यायचा?"

"मग काय लिहायचं? शास्त्र समजावून सांगायचं त्या चिमुकल्या वेष्टनावर?"

"पथ्यच द्यायचं."

"कसलं पथ्य?"

"चांगलं कडक. चुकवायचं नाही असं."

"हसीना, आपण पथ्य काढायला बसलोय, घालायला नाही!"

"तू नेहमी अशीच. समोरचं माणूस कसं वागतं ते बघायचं सोडून..."

आवाज इतके चढले की ओजस आतून बाहेर आला, क्षणभर बघत राहिला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला. त्याने दार लावून घेतलं. जुई मात्र कान देऊन ऐकत होती.

संध्याकाळी बार्शीहून फोन आला. "मिळाली म्हणे गोळी," विहीणबाई म्हणाल्या. "आता तरी नीट घे. पथ्य काय सांगितलंय?"

जुईने सासूबाईंकडे पाहिलं. शालनताईंच्या हातात कागद होता. भांडून भांडून ठरलेली एक ओळ त्यावर होती, चाळणीकडे अजून पाठवायची होती. जुईने त्यांच्या हातातून कागद घेतला आणि वाचला.

"कडक आहे मम्मी. प्रत्येक गोळीबरोबर अर्धं लिंबू, चुकवायचं नाही."

पलीकडून विहीणबाईंचा समाधानाचा सुस्कारा ऐकू आला.

"हं. मग औषध चांगलं असणार."